न्यायालयाच्या संकेतस्थळामागचे करिअर

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणीच्या जिल्हा न्यायालयात यायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि पुढची तारीख घेऊन परतायचे, हा पक्षकारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. ही फेरी वाचवण्याचे काम आता न्यायालयाचे संकेतस्थळ करते. आणि ते चालते ठेवणाऱ्या संगणक तज्ज्ञांसाठी करिअरची एक वेगळी वाट खुली झाली आहे.

देशातील न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी २००४ मध्ये ई-समितीची स्थापना झाली. ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ मध्ये, तर दुसरा २०१५ मध्ये सुरू झाला. तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जिल्हा न्यायालयांत वापरली जाणारी प्रकरण माहिती प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने मुक्तस्रोत तंत्रज्ञानावर विकसित केली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि वर्ष यांची त्यात नोंद असते. त्यावरून पुढील तारीख, आदेश व निकाल घरबसल्या पाहता येतात.

कामाचे स्वरूप

वेब विभाग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला केवळ पाने सजवायची नसतात. दैनंदिन कार्यसूची वेळेवर प्रसिद्ध होणे, मराठी मजकूर युनिकोडमध्ये असणे, दृष्टिहीनांनाही संकेतस्थळ वाचता येणे आणि माहिती सुरक्षित राहणे, ही सारी जबाबदारी त्याच्यावर येते. चुकीची तारीख झळकली, तर पक्षकाराच्या गैरहजेरीत दावा निकाली निघू शकतो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे निकालपत्र संकेतस्थळावर चढवताना डोळ्यांत तेल घालून तपासणी करावी लागते.

पात्रता व संधी

संगणकशास्त्र वा माहिती तंत्रज्ञानातील पदवी किंवा एमसीए हा पाया मानला जातो. लिनक्स, डेटाबेस आणि पीएचपी यांवर हुकूमत असावी. प्रकल्पांतर्गत प्रणाली अधिकारी व प्रणाली सहायक अशी पदे निर्माण झाली. त्यांतील अनेक नेमणुका कंत्राटी होत्या. त्यामुळे उमेदवाराने जाहिरातीतील कालावधी व सेवाशर्ती बारकाईने वाचाव्यात. उच्च न्यायालय आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांच्या भरतीवरही लक्ष ठेवावे.

खासगी कंपनीइतका पगार येथे मिळेलच असे नाही. तथापि, परभणीसारख्या जिल्ह्यात आपल्या कामामुळे कोणाची तरी एक व्यर्थ फेरी वाचली, हे समाधान मात्र इथेच लाभते.