नार्व्याचा शिलालेख

दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडले आणि लिंग नदीपार, डिचोली महालातील नार्व्यास आले. कदंब राजे आपल्या नाण्यांवर ज्याचा वरप्रसाद मिरवीत, तोच हा देव. शके १५९०, म्हणजे १६६८ साली, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला, असे येथील शिलालेख सांगतो. ‘प्रारंभ’ हा त्यातील शब्द मला फार बोलका वाटतो.

राज्य शासनाने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ साली हे देवालय पुन्हा खुले झाले. दगडांची नोंद सरकारी दप्तरात होते, हे त्याच दप्तरात हयात घालविल्यामुळे मी जाणतो. घराघरांतील कागदांची मात्र होत नाही. माझ्या पाहण्यातील दोन घरी मोडी रुमालांना वाळवी लागली आहे आणि ते वाचणारे तेथे कोणी उरलेले नाही. आपल्याकडे असा रुमाल असल्यास पावसाळ्यापूर्वी उघडून पाहावा.