रक्ताची कसोटी

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. सोन्याचा कस पाहण्यास सराफ काळा दगड वापरतो. रोगाचा कस पाहण्यासाठीं रसायनशास्त्रज्ञ आतां सोन्याचाच पत्रा वापरूं लागले आहेत. या कसोटीचा इतिहास वाटतो तितका अलीकडचा नाहीं.

२०२० च्या मार्चमध्यें करोनाची सांथ महाराष्ट्रांत शिरली. रोगाची निश्चित खूण विषाणूच्या आरएनएंत होती, आणि ती वाचण्याचें राज्यांतील मुख्य स्थान म्हणजे १९५२ सालीं स्थापन झालेली पुण्याची विषाणुसंस्था. जालन्यापासून पुणें सुमारें ३०० किलोमीटर दूर. पुढें प्रयोगशाळा पुष्कळ वाढल्या. तथापि आरएनएचें डीएनएंत रूपांतर करावयाचें, तें पुनःपुनः तापवून व निववून वाढवावयाचें, यास महाग यंत्र आणि शिकलेला माणूस लागतोच. तेव्हां रोग्याचें घर व निदान यांतील अंतर कसें तोडावें, हाच खरा प्रश्न होय.

याचें एक उत्तर विजेच्या मार्गानें येऊं पाहत आहे. १९२२ सालीं प्राग येथें हेरोव्हस्की यांनीं पाऱ्याच्या थेंबांतून वाहणाऱ्या प्रवाहावरून द्रावणांतील पदार्थ ओळखण्याची रीत काढली. तिजबद्दल त्यांस १९५९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्याच देशांत, बर्नो येथें, पालेचेक यांनीं १९६० च्या सुमारास डीएनएहि अशा प्रवाहांत आपली खूण उमटवितो असें दाखविलें. १९६२ सालीं अमेरिकेंत क्लार्क व लायन्स यांनीं विद्युदग्रावर किण्वद्रव्य बसवून रक्तांतील साखर मोजण्याची कल्पना मांडली. तिचें घरगुती उपकरण १९८७ सालीं बाजारांत आलें. आज जालन्यांतील वृद्ध गृहस्थ सकाळच्या चहापूर्वीं बोटाला सुई टोचून आपली साखर पाहतात, ती याच परंपरेची देणगी.

१९९३ सालीं दोन गोष्टी घडल्या. विद्युदग्रावर डीएनएचा एकेरी धागा बांधून त्याचा जोडीदार ओळखण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आणि अँब्रोस व रुव्हकुन यांच्या संशोधनानें सूक्ष्म आरएनए उजेडांत आला. कर्करोग्यांच्या रक्तांत असे आरएनए सांपडतात, हें २००८ सालीं दिसून आलें. त्या दोघांस २०२४ चें नोबेल पारितोषिक लाभलें. आजच्या संवेदकांत सोन्यावर बांधलेल्या धाग्याला रोगाचा आरएनए येऊन जुळला कीं प्रवाह बदलतो, आणि तो बदल लहानसें यंत्र टिपतें.

मग हें यंत्र अद्याप घरोघर कां नाहीं? रक्तांत साखर विपुल असते. हे आरएनए तिच्या मानानें अब्जावधि पटींनीं विरळ. शिवाय त्यांस तोडणारीं किण्वद्रव्यें रक्तांत, त्वचेवर, सर्वत्र असतात. त्यांतहि एकच खूण अनेक विकारांत वाढूं शकते. म्हणून खूण सांपडली म्हणजे रोग सांपडला असें मानणें धोक्याचें. सराफसुद्धां एका रेघेवर सोनें विकत घेत नाहीं.

साखरेच्या कल्पनेस प्रयोगशाळेंतून घरांत येण्यास २५ वर्षें लागलीं. १९९३ च्या प्रयोगास ३० हून अधिक वर्षें लोटलीं आहेत. आम्हांस हा विलंब निराशेचें कारण वाटत नाहीं, परंतु तो विसरण्याजोगाहि नाहीं. शोधाची तारीख इतिहासकार नोंदवितो ती प्रयोगशाळेची. भोकरदन किंवा परतूर येथील रोग्याच्या लेखीं मात्र तो शोध त्याच्या दवाखान्यांत येईल त्याच दिवशीं लागेल. इतिहासाच्या वहींत या दुसऱ्या तारखेसाठींहि जागा राखून ठेविली पाहिजे.