कौटुंबिक इतिहासाची साधने : धाराशिव जिल्ह्यातील जनगणना व जन्म-मृत्यू नोंदी

2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध आरंभला आणि एरव्ही मोजक्या अभ्यासकांपुरता असलेला वंशावळीचा प्रश्न घरोघरी पोहोचला. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचाही आधार घेतला. अशा वेळी साधनांमधील भेद ध्यानी घेणे अगत्याचे ठरते. गॅझेटियर व जनगणना अहवाल समाजाची संख्या सांगतात. व्यक्तीचे नाव सांगत नाहीत. हैदराबाद संस्थानात 1881 पासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली खरी, पण तिच्या छापील तक्त्यांतून कोणाचा पणजोबा सापडणार नाही. ब्रिटनमध्ये 1921 च्या गणनेची घरनिहाय पत्रके 2022 मध्ये खुली झाली. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 15 तशी पाहणी करू देत नाही.

म्हणून संशोधकाची खरी भिस्त गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीवर, महसुली पत्रकांवर आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीवर. लिपी मोडी वा उर्दू, कालगणना फसली. फसली 1357 चा आजूर महिना ऑक्टोबर 1947 मध्ये सुरू होतो. त्यामुळे इसवी सन काढताना महिन्यानुसार 590 किंवा 591 मिळवावे लागतात. वर्षाचा हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु एकाच नावाच्या दोन चुलतभावांची गल्लत होण्यास तेवढा पुरतो. शिवाय 1904 पूर्वी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्ग होते आणि 1982 मध्ये लातूर वेगळा झाला, हेही दप्तर शोधताना विसरून चालत नाही.

खरी अडचण स्त्रियांची आहे. अनेक जुन्या जन्मनोंदींत बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच आढळते. मुलगा पुढे शाळेच्या वा जमिनीच्या कागदात नावानिशी भेटतो. मुलगी सासरी जाते, बहुधा नावही बदलते. ती शेजारच्या बार्शी तालुक्यातून आलेली असेल, तर तिचा जन्म ब्रिटिश मुंबई इलाख्याच्या दप्तरात, इसवी सनात नोंदलेला असणार. 1969 च्या नोंदणी कायद्याखालील जन्मनमुन्यात आईच्या नावाचा रकाना आहे. त्याआधीच्या पिढ्यांचा आजोळचा धागा मात्र असा दोन राजवटींच्या कागदांत तुटलेला आहे. जातप्रमाणपत्रासाठी पितृवंशच पाहिला जात असल्याने चालू शोधमोहिमेतही तो जोडण्याची गरज कोणाला भासलेली नाही.