घर मुलांच्या नावे करताना...
वृद्धापकाळात कायद्याचा आधार कोठे व कसा मिळतो?

आयुष्यभराच्या पुंजीतून घेतलेले घर हयातीतच मुलाच्या नावे करून द्यावे, म्हणजे मागाहून कटकट नको, असा विचार अनेक ज्येष्ठ नागरिक करतात. बक्षीसपत्राची नोंदणी होते आणि काही काळाने त्याच घरात आई-वडिलांना उपऱ्यासारखे जगावे लागते. घरातील भांडण चव्हाट्यावर कशाला न्यायचे, या संकोचाने बहुतेक जण गप्प राहतात. वस्तुतः अशा वेळी दाद मागण्यासाठी वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, याकरिता संसदेने २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० मध्ये केले.

दाद कोण मागू शकते?

वयाची ६० वर्षे पूर्ण केलेली भारतीय नागरिक असलेली व्यक्ती या कायद्यानुसार ज्येष्ठ नागरिक ठरते. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही. त्यांत दत्तक घेणारे तसेच सावत्र आई-वडीलही येतात. स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून निर्वाह होत नसेल, तर सज्ञान मुलगा, मुलगी, नातू किंवा नात यांच्याकडून निर्वाहभत्ता मागता येतो. निपुत्रिक ज्येष्ठांना त्यांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारसाहक्काने मिळणार आहे, अशा सज्ञान नातेवाइकाकडे तो मागता येतो. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांचा समावेश आहे.

लेक सासरी गेली म्हणून तिची जबाबदारी संपत नाही. आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी विवाहित कन्येवरही असते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतुदीच्या संदर्भात १९८७ मध्येच दिला होता. ती तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली आहे. या दोन मार्गांपैकी कोणताही एकच मार्ग निवडावा लागतो.

अर्ज कोठे करावा?

प्रत्येक उपविभागात निर्वाह न्यायाधिकरण असते. त्याचे काम किमान उपविभागीय अधिकारी, म्हणजेच प्रांत, या दर्जाचा अधिकारी पाहतो. ज्येष्ठ जेथे राहतात वा शेवटचे राहत होते, किंवा मुले जेथे राहतात, त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. स्वतः जाणे शक्य नसल्यास अन्य व्यक्ती वा संस्थेला तसा अधिकार देता येतो. मुले परदेशी असली तरी केंद्र सरकारने ठरविलेल्या यंत्रणेमार्फत त्यांच्यावर समन्स बजावण्याची सोय आहे.

न्यायाधिकरण आधी तडजोडीचा प्रयत्न करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. अपवादात्मक स्थितीत ही मुदत एकदाच ३० दिवसांनी वाढते. दरम्यान अंतरिम भत्ताही मंजूर होऊ शकतो. भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १० हजार रुपये आहे. भत्ता थकल्यास, तो देय झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत वसुलीसाठी अर्ज करणे आवश्यक आहे. ही मुदत चुकवू नये. निकाल मान्य नसल्यास ज्येष्ठांना ६० दिवसांत अपील करता येते.

बक्षीसपत्रातील एक वाक्य

कायद्याचे कलम २३ सर्वांत महत्त्वाचे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. कायदा लागू झाल्यानंतरच्या हस्तांतरणालाच हे लागू आहे. मात्र अशी अट होती हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. केवळ प्रेमापोटी दिले, एवढाच उल्लेख असलेल्या दस्तात ज्येष्ठांची बाजू लंगडी पडू शकते. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेने मुलाला दिलेले बक्षीसपत्र न्यायालयाने रद्द केले. सांभाळ करण्याचे लेखी वचनपत्र तेथे निर्णायक ठरले. म्हणूनच अन्न, निवारा, औषधोपचार व तहहयात वास्तव्य यांची अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी.

त्याहून सोपा मार्ग मृत्युपत्राचा आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही आणि हयातीत ते केव्हाही बदलता येते. तोवर घराची मालकी स्वतःकडेच राहते.

या कायद्याचा उपयोग सुनेला घराबाहेर काढण्यासाठी मात्र सरसकट करता येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने तिला दिलेला निवासाचा हक्कही विचारात घ्यावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे.

सल्ला कोठे मिळेल?

जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुका न्यायालयातील समिती येथे विधी साहाय्य मिळते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. प्राथमिक चौकशीसाठी १५१०० हा विधी सेवा क्रमांक, तर ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' आहे. सदोष वस्तू वा सेवेच्या तक्रारीसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारणा करता येते. ग्राहक आयोगाकडे तक्रार नेण्याची मुदत साधारणपणे २ वर्षे असून, तक्रारदार राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडेही ती दाखल करता येते.

जाताना वयाचा व निवासाचा पुरावा, मालमत्तेचे दस्त, उत्पन्न व औषधांच्या खर्चाचा तपशील आणि मुलांचे पत्ते सोबत ठेवावेत. आणि बक्षीसपत्रावर सही करायची असेल, तर हा सल्ला सहीपूर्वी घ्यावा.