सड्यावरचे गडगे

समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याची जी सपाट पठारे पसरली आहेत त्यांना सडा म्हणतात. सड्यावर माती जेमतेम असते. पावसाळ्यात गवत आणि रानफुले येतात, दिवाळीनंतर सारे वाळून जाते आणि काळपट कातळ तेवढा उरतो. अशा उघड्या माळावर जगात अनेक ठिकाणी मेंढपाळांनी दगडांच्या राशी रचल्या. अमेरिकेत आयडाहो आणि नेवाडाच्या कुरणांवर बास्क मेंढपाळांनी उभे केलेले दगडी खांब आजही दिसतात. काही वाट ओळखण्यासाठी, काही निव्वळ वेळ जावा म्हणून रचलेले. रत्नागिरीच्या सड्यावर मेंढपाळांच्या अशा राशी नाहीत. इथला मोकळा दगड गडग्यात, म्हणजे माती-चुन्याशिवाय रचलेल्या कुंपणाच्या भिंतीत गेला.

राशी नसण्याचे पहिले कारण पाऊस. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दख्खनी मेंढी कोरड्या हवेतली. चार महिने ओल्या लोकरीने चिखलात उभी राहिली तर तिचे खूर सडतात आणि पोटात जंत होतात. म्हणून मेंढी कोकणात कायमची रुजली नाही. घाटावरच्या कमी पावसाच्या मुलखातले धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाच्या आत परततात. भात कापून झालेल्या खाचरात मेंढ्या बसवायच्या, रात्रभरच्या लेंडीखताबद्दल शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे, असा हा जुना व्यवहार. कळप कोंडायला वाघर नावाचे जाळे असते. ते सकाळी उचलून पुढच्या शेतात न्यायचे. ज्याचा मुक्काम असा हलता, तो दगड कशाला रचील?

जिल्ह्यात कायम राहणारे धनगर म्हणजे गवळी धनगर, आणि त्यांचे जनावर म्हैस. सह्याद्रीच्या उतारांवर त्यांचे चारदोन घरांचे धनगरवाडे आहेत. खोऱ्यात कुणबी भातशेती करणार आणि वरच्या रानात गवळी म्हशी राखून लोणी-तूप खाली विकणार, ही वाटणी माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नीट मांडली आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली तशी ही चराई आक्रसत गेली.

सड्यावर चरतात ती गावची गुरे, आणि गडगा मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. पावसाळ्यात खालच्या मळ्यांत भात उभे असते, तेव्हा गुराखी गुरे घेऊन सड्यावर जातो. कापणी झाली की राखण संपते आणि गुरे मोकाट सुटतात. म्हणजे वर्षातले निम्मे दिवस गुरांना अडवणे ही ज्याची-त्याची जबाबदारी असते. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालण्याचा कायदा १८७१ पासून आहे. पण कोंडवाड्यावरून गावात भांडण लागते, गडग्यावरून तेवढे लागत नाही.

गडगा घालताना माती, चुना काही लागत नाही. जमीन साफ करताना निघालेले जांभ्याचे ओबडधोबड धोंडे हेच सामान. तळाशी रुंदी जास्त ठेवतात आणि वर येताना ती कमी करत जातात. मोठे धोंडे दोन्ही तोंडांना बसवून मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर घालतात. खालच्या थरातला सांधा वरच्या धोंड्याने झाकला गेला पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात पोट सुटते. चुना नसणे इथे फायद्याचे आहे. मुसळधार पावसाचे पाणी फटींतून निघून जाते, भिंतीमागे तुंबत नाही. धोंडा निसटला तर हाताने परत बसवता येतो. वर करवंदीच्या काट्या टाकल्या की उडी मारणारी गुरेही बिचकतात. आत जाण्यापुरती जागा सोडून तिथे बेडे करतात: दोन बाजूंना खांब आणि त्यांत आडव्या सरकवलेल्या काठ्या. पावसाळ्यात गडग्यावर शेवाळ आणि नेचे चढतात, फटींत सरडे आणि साप राहतात. म्हणूनच पडलेला गडगा उचलायला हात घालण्याआधी जाणता माणूस काठीने धोंडे हलवून बघतो.

गडग्यांची मोठी वाढ हापूसने केली. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, त्यांत बाहेरून आणलेली माती भरायची आणि कलमे लावायची, या पद्धतीने उजाड सडे बागांखाली आले. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि या लागवडीला जोर चढला. खड्ड्यांतून निघालेला दगड बागेभोवतीच्या गडग्यात जाई. तो दूर टाकण्यापेक्षा हे स्वस्त पडे.

याच कातळावर कातळशिल्पे कोरलेली आहेत. गावकऱ्यांना त्यांतली काही पूर्वीपासून माहीत होती, आणि ती पांडवांनी काढली असेही सांगत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी शेकडो चित्रांची नोंद केल्यावर त्यांचा बोलबाला झाला. २०२२ मध्ये कोकणातली ही स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. उक्षी, कशेळी, बारसू आणि देवाचे गोठणे त्यांतलीच. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या अंगात इतर प्राणी कोरले आहेत. शेतीचे दृश्य मात्र या चित्रांत सापडत नाही. सडा फोडून बाग किंवा चिरेखाण करताना अशी चित्रे नकळत जाऊ शकतात, ही भीती खरी आहे. उक्षीत कोरलेल्या हत्तीभोवती मात्र जांभ्याचेच कुंपण घालून तो राखला आहे.

आता नवा गडगा क्वचितच घातला जातो. जांभा खणताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो. यंत्राने कापलेला चिरा सहज मिळतो आणि सिमेंटने बांधलेली चिऱ्याची भिंत कमी जागेत उभी राहते. गडगा घालणारे हात मुंबईला गेले. बैलांची जागा पॉवर टिलरने घेतल्यामुळे मोकाट गुरेही पूर्वीइतकी नाहीत. आंबा-काजूच्या बागायतदाराला आज छळतात ती वानरे आणि रानडुकरे. वानराला गडगा म्हणजे बसायची जागा आणि डुक्कर धोंडे ढकलून वाट काढते, त्यामुळे बागांभोवती तारेची जाळी आणि सौर कुंपणे आली आहेत. जुन्या गडग्यांतले धोंडे कुठे रस्त्याच्या भरावात, कुठे विहिरीच्या कठड्यात गेले. जमिनीच्या वाटणीत हद्द दाखवायला मात्र अजून बऱ्याच ठिकाणी तोच गडगा पुढे केला जातो.