हाडांतील रोग आणि गळ्यांतील ग्रंथि

रोगट अवयव कापून टाकावा, हें शस्त्रवैद्याचें म्हणणें कोणासही पटतें. परंतु रोग हाडांत जाऊन बसला असतां गळ्यांतील निरोगी भागही काढावा, तरच औषध हाडापर्यंत पोंचेल, असें सांगितलें तर श्रोत्यांस नवल वाटेल. थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाच्या चिकित्सेंत नेमकें हेंच घडलें.

ही ग्रंथि रक्तांतील आयोडिन वेंचून घेते व त्यापासून आपला अंतःस्राव बनविते. आयोडिन कृत्रिम रीतीनें किरणोत्सर्गी करतां येईल काय, असें बोस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्‌झ यांनीं १९३६ सालीं विचारलें. १९३८ सालीं कॅलिफोर्नियांत लिव्हिंगुड व सीबोर्ग यांनीं आयोडिन-१३१ शोधून काढलें. त्याची किरणशक्ति दर आठ दिवसांनीं निम्मी होते; उपचारास हा अवधि सोईचा होता.

न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयांत डॉ. सॅम्युएल सायडलिन यांच्याकडे एक विलक्षण रोगी आला. त्याची थायरॉइड ग्रंथि १९२३ सालींच काढलेली. तरी छातीची धडधड, कृशता अशीं त्या ग्रंथीच्या अतिरेकाचीं सारीं लक्षणें त्याच्या ठायीं होतीं. गळ्यांत ग्रंथि नाहीं, मग स्राव येतो कोठून? शरीरांत दूरवर पसरलेल्या कर्करोगाच्या गांठीच तो निर्माण करीत होत्या! ज्या गांठी स्राव करतात त्या आयोडिनही घेणारच, हा सायडलिन यांचा तर्क. १९४३ सालीं रोग्यास किरणोत्सर्गी आयोडिन पाजण्यांत आलें आणि त्याची प्रकृति स्पष्ट सुधारली. १९४६ च्या डिसेंबरांत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

दुर्दैवानें बहुतेक रोग्यांच्या गांठी इतक्या तत्पर नसतात. शिवाय निरोगी ग्रंथि जागेवर असली कीं आयोडिनाचा मोठा वांटा तीच बळकावते. ती काढली म्हणजे रक्तांतील स्राव घटतो, आणि मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्यूटरी ग्रंथि थायरॉइडला उत्तेजन देणारें हॉर्मोन अधिकाधिक सोडूं लागते. त्या तगाद्यानें सुस्त गांठीही कधीं कधीं जाग्या होतात. सायडलिन, ऑश्री व यालो यांनीं १९४८ सालीं याच विषयावर निबंध लिहिला. (हे यालो म्हणजे पुढें १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रोझलिन यालो यांचे पति.)

या युक्तींत धोका उघड आहे. जें हॉर्मोन गांठीस आयोडिन घ्यावयास लावतें, तेंच तिच्या वाढीसही उत्तेजन देतें. मणक्यांत गांठ असेल तर ती फुगून मज्जारज्जूवर दाब येण्याची भीति असते. रोग्याचे हालही कमी नव्हते : स्रावाची गोळी कित्येक आठवडे बंद ठेवावयाची, अंगाला सूज, थंडी, मन मंद. गुरांच्या पिट्यूटरीपासून काढलेलें हॉर्मोन टोंचून पाहिलें. पण शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करी व पुढील मात्रा निष्फळ होत. जनुकशास्त्राच्या साहाय्यानें बनविलेल्या मानवी हॉर्मोनास अमेरिकेंत १९९८ सालीं तपासणीपुरती मान्यता मिळाली, तेव्हां अनेकांची ही उपासमार टळली.

ज्या कर्कपेशी आयोडिन घेण्याचें आपलें मूळ काम विसरून गेल्या आहेत, त्यांना मात्र हॉर्मोनाचा कितीही तगादा लावला तरी पुष्कळदां त्या आयोडिनाकडे ढुंकूनही पाहत नाहींत.