तिसऱ्या महिन्यातली गुंतवळ

गुंतवळ हा शब्द आता घरातल्या तरुण मंडळींना समजावून सांगावा लागतो. विंचरताना फणीत जे केस येतात ते बोटाभोवती गुंडाळून जो गोळा होतो, ती गुंतवळ. आमच्या लहानपणी ती इकडेतिकडे टाकायची नाही असा दंडक होता. न्हाणीघराच्या भिंतीत एक कोनाडा असे, त्यात ती साठवायची. पुरेशी साठली की तिचं गंगावण करून घ्यायचं, म्हणजे आपलेच गळलेले केस पुन्हा आपल्याच वेणीत! उरलेले केस घेऊन भांडी देणाऱ्या बायका दारावर यायच्या. एका चहाच्या गाळणीसाठी आईने घातलेली हुज्जत मला अजून आठवते.

पण गंगावणाची खरी गरज पडायची ती दोन प्रसंगी. एक मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आणि दुसरं बाळंतपण. मी चौथीत असताना मला मुदतीचा ताप आला. १९६० च्या आसपासची गोष्ट. तोवर क्लोरोमायसेटिन आलेलं होतं, म्हणून वाचले. ताप उतरला, पथ्य संपलं, शाळेत जायला लागले आणि मग केस हातात यायला लागले. आजी शांतपणे म्हणाली, "तापाचे केस आहेत, जायचेच. येतील परत." शेजारपाजारच्या कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही. बाळंतिणीबद्दलही आमच्याकडे म्हणत, बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात. बाळ ओळखीचं हसू लागतं ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणजे या बायकांनी कॅलेंडर न बघता मुदत अचूक मोजली होती. कारण तेवढं बाळाच्या हसण्याला चिकटवलं, असो.

वैद्यकाने या प्रकाराला नाव दिलं ते १९६१ साली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने, 'टेलोजेन एफ्लुव्हियम'. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यातले दहातले आठ-नऊ वाढत असतात, बाकीचे विश्रांती घेत असतात. केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने मुळाशी नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा उगवतो. हे रोजचं चालूच असतं, म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गेले तरी काही बिघडत नाही. मोठा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार असा धक्का शरीराला बसला की वाढणाऱ्या केसांपैकी पुष्कळसे एकदम विश्रांतीला जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दिसतं ते तिसऱ्या महिन्यात, माणूस 'आता सुटलो' म्हणतो तेव्हा.

(याच क्लिगमनने होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले. त्याबद्दल फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली माफी मागितली. इतिहास शिकवलेल्या माणसाला हे वगळून पुढे जाता येत नाही.)

हे सगळं आज लिहायचं कारण माझी भाची. नाव नको, ती वाचणार आहे! वजन एकशे अठरा किलो, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मधुमेह, गुडघे बोलायला लागलेले. अनेक वर्षं सगळे उपाय केल्यावर तिने जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. ती उत्तम पार पडली. तीन महिन्यांत पंचवीस किलो उतरले, साखर आटोक्यात आली. आणि मग उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीवर केसच केस. फोनवर म्हणाली, "मावशी, वजन उतरलंय ते कुणी बोलत नाही गं. सगळे माझ्या भांगाकडेच बघतात."

एका लग्नाला ती आलीच नाही. जे नातेवाईक आले होते त्यांची चर्चा मी कानाने ऐकली. "तोंड आवरलं असतं तर हे भोग आले असते का?" "हौसेने पोट कापून घेतलं, आता भोगा." मला तापात केस गेले तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं, की पाणी उकळून प्यायली असतीस तर बरं झालं असतं. धक्का तोच, केस तेच, मुदत तीच. मग एकीला 'येतील परत' आणि दुसरीला 'भोग आपल्या कर्माची फळं', हे कसं?

म्हणून जरा मागे जाऊन पाहिलं, तर अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एक विलक्षण योग सापडला.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि युरोपात लोक भुकेने खंगत होते. (बंगालमध्ये १९४३ सालीच लाखो माणसं अन्नावाचून मेली होती, पण तिकडे कुणाचं लक्ष होतं?) भुकेल्या माणसाला पुन्हा खायला कसं घालायचं हे कळावं म्हणून ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवलं. हातात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण होते. जागा म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागृहाखालच्या खोल्या. फेब्रुवारी १९४५ पासून सहा महिने रोज साधारण सोळाशे कॅलरी. बटाटे, सलगम, पाव असं युद्धकाळातलं जेवण. त्यांचं वजन सुमारे पाव हिस्सा उतरलं. थंडी वाजे, मन उदास होई, रात्रंदिवस खाण्याचेच विचार. आणि केस विरळ होऊन गळू लागले. हे सगळं १९५० साली दोन जाडजूड खंडांत छापलं गेलं.

आणि त्याच विद्यापीठात १९५४ साली क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून वजन उतरवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका इमारतीत भुकेने शरीराचं काय होतं ते मोजलं, दुसरीत शरीराला अन्न कमी मिळावं म्हणून वाट वळवली! ती पहिली शस्त्रक्रिया पुढे मागे पडली, कारण यकृत बिघडे, मुतखडे होत, क्षार कमी पडत. आयोवाच्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं होतं, की जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन नंतर सहसा वाढत नाही. त्यावरून त्यांनी १९६६ साली जठर वळसा, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास केला. भाचीची स्लीव्ह ही त्यानंतरची. आधी ती एका मोठ्या शस्त्रक्रियेचा केवळ पहिला टप्पा होती. पण काहींचं वजन तेवढ्यानेच इतकं उतरलं, की दुसऱ्या टप्प्याची गरजच पडेना.

म्हणजे पहिले काही महिने शरीराच्या दृष्टीने ही उपासमारच. माणसाने ती ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पत्करलेली असते, पण केसांच्या मुळांना संमतिपत्र कुठे वाचता येतं? घरात पैशाची ओढाताण झाली की आधी भिंतींचा रंग थांबतो, चूल नाही. शरीर तसंच करतं. हृदय, मेंदू, रक्त यांना आधी. केसांचं नंतर बघू. २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर अशा शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून जास्त जणांचे केस गळलेले आढळले. तरुण बायकांत प्रमाण अधिक. म्हणजे हा काही माझ्या भाचीला झालेला विशेष दंड नव्हे.

दंड. हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. आपल्या भागात बाईचे केस जाणं हे फार काळ दंडासारखंच होतं. नवरा गेला की न्हाव्यापुढे बसायचं, डोकं भादरून घ्यायचं आणि अंगावर लाल आलवण. हे मी मुलींना शिकवत असे तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' सुरू केला, त्यात या चालीवर कोरडे ओढले. पण मला जास्त मोठी वाटते ती १८९० सालची गोष्ट. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं वपन करायला नकार दिला, संपच पुकारला. ज्यांच्या हातात वस्तरा होता तेच म्हणाले, आम्ही हे करणार नाही! धोंडो केशव कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचं वपन झालेलं होतं. पुढे प्रौढपणी त्यांनी ते थांबवून केस राखले आणि 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात आपली हकिगत लिहिली. केस वाढू देणं हाही एक निर्णय असतो, त्याला धैर्य लागतं, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

ती चाल गेली. पण विरळ डोक्याची बाई दिसली की 'हिचं काय झालं असेल?' म्हणून बघणारी नजर राहिली, असं मला वाटतं. टक्कल पडलेल्या पुरुषाच्या विद्वत्तेचं कौतुक होतं. भाचीने केस खांद्यापर्यंत कापून टाकले, त्यामुळे ते दाट दिसू लागले आणि गळलेला केस लांबलचक हातात येईना. अगदी साधा, शहाणा उपाय. तर तिच्या सासूबाईंच्या बहिणीने विचारलं, "सवाष्णीने असं करावं का?" मी त्या वेळी तिथे नव्हते, हे त्या बाईंचं नशीब.

नजरेला भिऊन माणूस काय करतं? बाटल्या विकत घेतं. भाचीने केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या आणल्या. या बायोटिनचाही इतिहास मजेदार. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना भरपूर कच्चं वाळवलेलं अंड्याचं पांढरं दिलं. त्यांची कातडी बिघडली आणि केस झडले. ज्या द्रव्याच्या अभावाने हे होतं त्याला पुढे 'व्हिटॅमिन एच' म्हणू लागले, जर्मन भाषेतल्या केस आणि त्वचा या दोन्ही शब्दांच्या आद्याक्षरावरून. झालं, जाहिरातदारांना तेवढं पुरलं. पण ज्याच्या शरीरात बायोटिन कमी नाही, त्याने वरून घेऊन केस वाढतात याला फारसा पुरावा नाही.

खरी गरज कशाची, ते तिच्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दिलेलंच होतं. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं. आपल्या शाकाहारी घरात हे किती अवघड आहे ते मी हिशेब केला तेव्हा कळलं. एक वाटी साध्या वरणात चार-पाच ग्रॅम. म्हणजे बारा वाट्या वरण! आणि जठर उरलेलं एका फुलपात्राएवढं. भाची आधी दोन घास भात खाई, मग वरण. तिथेच पोट भरे. आता क्रम उलटा केला. आधी पनीर, अंडं किंवा दाट उसळ, मग जागा उरली तर भात. पाणी जेवणाबरोबर नाही, नंतर अर्ध्या तासाने. जोडीला प्रथिनांची पावडर ताकात. चव भयंकर लागते म्हणे, पण घेते.

प्रथिनांखेरीज लोह, जस्त, फॉलिक ॲसिड. जस्त माणसाला लागतं हे जगाला कळलं तेही बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांच्यामुळे. इराण आणि इजिप्तमधल्या वाढ खुंटलेल्या मुलांचा अभ्यास त्यांनी १९६१ आणि १९६३ साली मांडला, आणि सुरुवातीला अनेकांनी विश्वासच ठेवला नाही. मात्र ऐकीव माहितीवर जस्ताच्या गोळ्या फार घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी होतं. तेव्हा रक्त तपासून, डॉक्टरांना विचारूनच. केस सहा-आठ महिन्यांनंतरही गळतच राहिले किंवा गळती उशिरा सुरू झाली, तर 'येतील परत' म्हणून बसू नये. थायरॉइड, लोह, प्रथिनं सगळं बघावं लागतं. आणि सतत उलट्या होत असतील तर केसांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. बी-१ जीवनसत्त्व संपलं तर मेंदूवर परिणाम होतो.

मी तिला गंगावण सुचवलं तेव्हा ती पोट धरून हसली. हल्ली मधल्या भांगावर लावायचा केसांचा तुकडा मिळतो, क्लिपा असतात त्याला. तो लावून पुढच्या लग्नाला आली. मी म्हटलं, अगं हे गंगावणच की! महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने तिची जुनी कमरेपर्यंतची वेणी यायला पाच-सहा वर्षं लागतील. तिला ती हवी आहे का, हे तिने अजून ठरवलेलं नाही.

पुढच्या महिन्यात नऊ महिन्यांची तपासणी आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, जस्त, बी-१२, थायरॉइड अशी यादी करून तिने मला पाठवली, मी छापून घेतली. बायोटिनची बाटली घरात आहेच, आणि त्या गोळ्यांमुळे थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किती दिवस गोळ्या बंद ठेवायच्या हे डॉक्टरांना विचार, असं मी त्या कागदावर लाल पेनाने लिहून ठेवलंय.